पालखीची जुनी पट्टी

आमच्या पडवीत ते मशीन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा मी आतल्या खोलीत चिऊला पाजत होते, आणि असा आवाज सुटला की चिऊनं तोंड काढलं, हातपाय ताठ केले आणि रडायचंसुद्धा विसरली, आणि मी तिला घेऊन मागच्या दारानं थेट विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. पदर कुठं, चप्पल कुठं, कशाचं भान नाही. सासूबाई मागून हाका मारतायत, "अगो, मशीन हाय ती, वाघ न्हाय!" आणि मी माडाला धरून उभी. पुढं ह्याच मशीनवर मी पोट भरणार असं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी तशीच चालत चौलला माहेरी गेले असते.

मी मूळची भित्री. मिक्सर लावायचा तर भांड्याच्या झाकणावर हात दाबून डोळे मिटून घ्यायची. कुकरची शिट्टी व्हायला आली की ओट्यापासून लांब. शाळा नववीत सुटली, आई आजारी होती म्हणून, आणि खरं सांगायचं तर गणिताच्या सरांची भीती वाटायची म्हणून पण. लग्न होऊन बोर्लीच्या अलीकडच्या ह्या गावात आले, सुतारांच्या घरात. घर म्हणजे दोन खोल्या, मागं विहीर, चार पोफळी, आणि पुढं लांबलचक पडवी, तिथंच सासऱ्यांचं काम चालायचं. त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणते. सकाळी उठायच्या आधी त्यांच्या रंध्याचा आवाज यायचा, सर्र, सर्र, आणि सागाचा वास चहाच्या वासात मिसळलेला. माझ्या बाळंतपणानंतर सासूबाई मला रोज अळिवाचा लाडू द्यायच्या, आणि तो लाडू पण थोडा लाकडाच्या भुशासारखाच लागायचा, कारण भुसा घरभर. डोक्यात, डाळीत, चिऊच्या दुपट्यात. मला तो वास आवडायचा. अजून आवडतो. कुणाच्या नव्या घरात गेले आणि तो वास आला की उगाच बरं वाटतं.

गावदेवीची पालखी घडवायचा मान आमच्या घराचा. तात्यांच्या आजोबांनी केलेली पालखी इतकी वर्षं शिमग्याला घरोघर नाचली, आणि आता ती खिळखिळी झाली होती. गावानं ठरवलं, नवी करायची. तात्यांना सांगायला आले तेव्हा तात्यांनी नवा सदरा घातला होता, एवढंच सांगते. आमच्याकडं रीत अशी की नव्या पालखीत जुन्या पालखीचं एक तरी लाकूड जायलाच पाहिजे, नाहीतर देवी नव्या पालखीत बसत नाही म्हणतात. म्हणून पालखीच्या कठड्याच्या चार पट्ट्यांतल्या तीन नव्या सागाच्या आणि चौथी जुनी ठेवायची होती. चारही पट्ट्यांच्या कडेला सारखी गोलाई आणि आत एक खाच काढायची, म्हणजे जुनी पट्टी नव्यांत मिसळून जाईल. ही गोलाई तात्या त्यांच्या लाकडी गोल रंध्यानं काढायचे. आणि नेमका त्यांचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना, रंधा पुढं ढकलवेना. डॉक्टर म्हणाले, महिनोन्महिने लागतात. शिमगा तर तोंडावर. बोर्लीत एक नवा कारखाना निघाला होता, तिथं सगळं मशीनवर होतं, आणि गावातली दोन माणसं म्हणायला पण लागली की तात्यांना झेपत नसेल तर तिकडं देऊ. मान एकदा गेला की परत येत नाही. तात्या भाकरी अर्धी ठेवून उठायचे.

म्हणून आमच्या ह्यांनी मुंबईहून येताना ते मशीन आणलं, लाकडाची कड कोरायचं, राउटर म्हणतात त्याला. हे तिकडं कंपनीत आहेत, सुट्टी मोजकीच. सुट्टीत त्यांनी जाड प्लायचं टेबल केलं, वर सनमायका लावला, मधोमध भोक पाडून मशीन खालून उलटं टांगलं, असं की त्याचं पातं तेवढं वर डोकं काढतं. मागं एक सरळ आडवी पट्टी बसवली, लाकूड तिला टेकवून सरकवायचं. तात्यांना म्हणाले, "जोर लागत न्हाय तात्या, नुसतं सरकवायचं." तात्यांनी एकदा चालू केलं, तोच तो विहिरीपाशी पळायला लावणारा आवाज, आणि लगेच बंद केलं. म्हणाले, "हे लाकडाशी बोलत न्हाय, ओरडतं." ह्यांची सुट्टी संपली. टेबलावर गोणपाट पडलं आणि त्यावर आमची मांजर झोपायला लागली.

आणि मग आली ज्योतीताई. माझी नणंद. लग्नाआधी तळोज्याकडं फर्निचरच्या कारखान्यात कामाला होती, असल्याच मशीनवर, आणि आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा संपत आलेला. रिक्षातून उतरली ती पोट सांभाळत सरळ पडवीत. गोणपाट उचललं, मांजर हाकललं, खाली वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तर मला म्हणाली, "वहिनी, तू बघ गो, खाली नट घट्ट हाय का?" मी म्हणलं, मला काय कळतंय. "हात लावून बघ. हलतंय का? हलत न्हाय ना? मग कळलं की तुला."

तिला मशीनवर उभं राहायची बंदी. आवाज नको, भुसा नको, डॉक्टरांनी सांगितलेलं. तात्यांचा खांदा असा. सासूबाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही. उरलं कोण? ज्योतीताईनं जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "वहिनी करंल."

माझ्या घशात घास अडकला. जवळ्याची चटणी होती, ती ठसकन् वर चढली. मला पाणी देत सासूबाई म्हणाल्या, "हिला? ही झुरळाला अहो-जाहो करते!"

"भितं तेच माणूस पायजे तिथं," ज्योतीताई म्हणाली. "आमच्या कारखान्यात एक शूर होता, त्याला आता अंगठा न्हाय. भिणारी सगळी दोन्ही हातांनी जेवतायत."

तात्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. आणि त्या दिवशी भाकरी पूर्ण खाल्ली. आणि ते बघून मी नाही म्हणू शकले नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, मला कुणी जबरदस्ती केली असती तर मी रडून सुटले असते. तात्यांनी नुसती भाकरी खाल्ली, त्याला काय करणार.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा चालू झाली. ज्योतीताई प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय पाटावर, हातात कैरीची फोड आणि मीठ. आधी किती तरी दिवस मशीन चालूच करायचं नाही. पहिला धडा वायरचा. पात्याला हात लावायचा तर प्लग काढून, आणि प्लग काढून कुठं ठेवायचा, तर समोर, डोळ्यांना दिसेल असा टेबलावर. "बटण बंद हाय, चालतंय, असं म्हणशील त्या दिवशी मी तुझी नणंद न्हाय." पातं बसवताना त्याचा दांडा आत पूर्ण घालायचा, मग किंचित वर घ्यायचा, मग पान्यानं आवळायचं. आडवी पट्टी पात्याच्या मागं कुठं येते ते बघायचं. लाकूड उजवीकडून डावीकडं सरकवायचं, कायम, कारण पातं ज्या बाजूनं फिरतं त्याच्या उलट लाकूड गेलं पाहिजे, नाहीतर पातं ते लाकूड हातातून ओढून नेतं आणि मागोमाग हात. पातं आणि ती आडवी पट्टी ह्यांच्या मधल्या फटीत लाकूड कधी घालायचं नाही. एकदम खोल कापायचं नाही, थोडं थोडं, पातं वर करत करत. बोटं पात्याजवळ न्यायची नाहीत, त्यासाठी ढकलायचे दोन ठोकळे. आणि लाकूड आडव्या पट्टीला घट्ट दाबून धरायला एक फणी. म्हणजे खरंच फणी, लाकडाच्या फळीला करवतीनं तिरके दात पाडलेले. ती टेबलावर आवळून बसवायची, लाकूड पुढं जातं पण तिचे दात त्याला मागं येऊ देत नाहीत. ही फणी तात्यांनी डाव्या हातानं बनवली, ज्योतीताई सांगेल तशी. मशीनच्या कामातला त्यांचा तो पहिला हात.

मग आलं बांगड्यांचं. "काढ त्या," ज्योतीताई म्हणाली. "आणि मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, न्हाय तर काढूनच ठेव. गाऊनच्या बाह्या कोपरावर. केस बांध. हातमोजे अजिबात न्हाय, ते तर पातं आधी धरतं." मी आईंकडं, म्हणजे सासूबाईंकडं, बघितलं. नवरा परगावी, मांडीवर तान्ही पोर, आणि भुंडे हात? आई चुलीपुढं कुळथाची पिठी घोटत होत्या. उठल्या, हात पदराला पुसले, माझ्या पाच-सहा बांगड्या साबण लावून एकेक उतरवल्या आणि स्वतःच्या हातात चढवायला लागल्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा जाड. चढता चढेनात. "तुझं काम होईस्तोवर माज्या हातात ऱ्हातील," म्हणाल्या, "घरातनं बाहेर तर न्हाय ना गेल्या." त्यातली एक फुटलीच. ज्योतीताई हसून हसून पोट धरून बसली. "आई, बाळ हितंच होईल आता!" आणि तेव्हापासून मी मशीनवर असले की आईंचा हात स्वयंपाकघरात दुप्पट वाजायचा.

ज्योतीताईनं अजून एक केलं, जे मला तेव्हा नुसता तिचा हट्ट वाटलं. टेबलाच्या उजव्या अंगाला पडवीचं बाजूचं दार आहे. तिथून वारा येतो, म्हणून आई दुपारी चिऊला घेऊन त्या उंबऱ्याजवळच बसायच्या, गोधडीवर. ज्योतीताईनं दोघींना तिथून उठवलं. "लाकूड उसळलं तर उजवीकडंच जातं. मशीन चालू असताना उजवीकडं माणूस नको, मांजर नको, कायपण नको."

"एवढ्या लांब कशाला येतंय लाकूड?" आई म्हणाल्या. "आणि आत उकडतं गो पोरीला."

"उकडू दे. घामोळं बरं होतं."

आई कुरकुरत आत गेल्या. ते दार मी आतून लावून घ्यायचं नाही, लाकूड त्यावर आपटून परत यायला नको म्हणून उघडं ठेवायचं, पण त्यासमोर कुणी नाही. रोज मशीन चालू करायच्या आधी मी ओरडायची, "उजवीकडं कोण न्हाय ना?" आणि आतून आई ओरडायच्या, "न्हाय गो बाय, तुजी गाडी सोड!"

पहिल्यांदा मी बटण दाबलं तेव्हा मनात काय होतं ते मला आठवत नाही. खरंच नाही. कानात कापूस, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क, कारण ओढणी चालत नाही. सरपणातला एक तुकडा होता. तो सरकवला. ज्योतीताई लांबून हातानं खुणा करत होती, सावकाश, थांबू नको, थांबलीस की लाकूड जळतं. तुकडा डावीकडून बाहेर आला. बटण बंद केलं, आणि तिनं शिकवल्याप्रमाणं पातं पूर्ण थांबेपर्यंत हात जागचा हलवला नाही. मग तो तुकडा उलटा करून बघितला. कडेला एक गोलाई, गुळगुळीत, जशी काय कुणी बोटानं लोण्यात फिरवली. मी केलेली. मी आईंना दाखवायला पळत गेले आणि त्या म्हणाल्या, "छान हाय. आता चुलीत घाल, पाणी तापायचंय."

सरपणातले कितीतरी तुकडे असे नटूनथटून चुलीत गेले. मग तात्यांनी सागाचा एक जुना ओंडका फाडून दिला, त्यावर हात बसवला. लाकूड बघून तात्या सांगायचे, "हे ह्या बाजूनं घाल, रेषा तिकडं पळतायत, उलट घातलंस तर चिरंल." मशीन ज्योतीताईचं, लाकूड तात्यांचं, आणि मधे मी. मला शाळेत कधी एवढं कळलं नव्हतं. इथं कुणी पट्टी मारत नव्हतं, चुकलं तर चुलीत, संपलं. पालखीच्या तीन नव्या पट्ट्या मी एकामागोमाग काढल्या, आणि तात्या त्या उन्हात धरून एक डोळा मिटून बघायचे, आणि "हं" म्हणायचे. तात्यांचं "हं" म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

जुनी पट्टी राहिली होती. ज्योतीताईला त्या दिवशी तपासायला श्रीवर्धनला नेलं होतं. तात्यांनी देवळातून आणलेली ती पट्टी लाल फडक्यात गुंडाळून ठेवली होती. फडकं सोडलं आणि बघते तर लाकूड दिसतच नव्हतं. वर्षानुवर्षांचा शेंदूर, तेल, गुलाल, हळद, त्याचा जाड थर झालेला, बोटानं दाबला तर मऊ लागेल असा. मी विचारलं, "तात्या, हे खरवडून काढायचं का?"

तात्यांनी कान पकडले. "देवीचा शेंदूर हाय तो. माज्या आज्याच्या टायमापासनं. तो खरवडायचा न्हाय. कडेवरचा जातो तेवढा जाऊ दे, बाकी हाय तसा."

मग फणी बसवायला घेतली तर फणीचे दात त्या थरात रुतायला लागले. तात्या कळवळले. "फणी ढिली कर पोरी. शेंदूर घासतोय." मी ढिली केली. तात्यांना काही विचारायचं माझ्या मनात आलंच नाही, मला पण वाटलं, देवीचं आहे, नखसुद्धा लागायला नको. बाहेरचा कुणी असता तर त्यानं आधी ते लाकूड पत्र्यानं साफ करून घेतलं असतं. पण आम्ही दोघं हात जोडून उभे होतो त्या पट्टीसमोर, एक म्हातारा आणि एक बाळंतीण, आणि आम्हाला ती साफ करायची हिंमत नव्हती.

"उजवीकडं कोण न्हाय ना?"

"न्हाय गो बाय!"

बटण दाबलं. पट्टी निम्मी गेली, छान गेली, शेंदराचा वास सुटला, उदबत्तीसारखा. आणि मग खणकन् आवाज झाला. एक ठिणगी मी डोळ्यांनी बघितली. हातातले दोन्ही ठोकळे नुसते हवेत राहिले, कारण त्यांच्या खालचं लाकूडच नव्हतं. ते गेलं होतं. उजवीकडच्या दारातून बाहेर, अंगणात, तुळशीच्या पलीकडं. माझ्या गुडघ्यापाशी ज्योतीताईनं बटणाला एक फळी लावायला सांगितली होती, दाबली की मशीन बंद होईल अशी, ती मी गुडघ्यानं दाबली, कशी दाबली माहीत नाही, आणि मशीनचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि मग समुद्राचा ऐकू यायला लागला.

मी खाली भुशात बसले. हात बघितले. दहाच्या दहा बोटं होती, मी ती हलवून बघत होते. मग मान वळवून त्या दाराकडं बघितलं. उंबऱ्याजवळ जिथं आई गोधडी टाकायच्या, तिथल्या चौकटीला पट्टी जाताना लागली होती, एक पांढरा ओरखडा पडलेला, बरोबर बसलेल्या माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर. तिथं चिऊ असते. मांडीवरच असते ती.

आई धावत आल्या, चिऊ काखेत. त्यांनी आधी माझे हात धरले आणि एकेक बोट चाचपून बघितलं, नवं बाळ जन्माला आल्यावर बघतात तसं. मग त्यांची नजर चौकटीवर गेली. जवळ जाऊन त्यांनी तो ओरखडा बोटानं चाचपला. त्या खाली बसल्या आणि तात्यांना जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. मी त्यांना इतक्या वर्षांत तात्यांवर आवाज चढवताना तेवढंच ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "देवीला शेंदूर पायजे का माजी नात पायजे ते इच्यार तिला जाऊन!"

तात्या अंगणात गेले. तुळशीमागून पट्टी उचलून आणली. जिथं पातं अडकलं होतं तिथं शेंदूर उडाला होता आणि खाली एक बारीक काळा खिळा दिसत होता, पूर्वी कधीतरी ह्या पट्टीवर पितळेचा पत्रा ठोकला असावा त्याचा. पत्रा गेला, खिळा राहिला, आणि त्याच्यावर शेंदूर चढत गेला. तात्या त्या खिळ्याकडं बघत उभे राहिले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नाही, तेव्हाही रडले नाहीत, पण त्यांनी पट्टी ठेवताना ती हातातून दोनदा निसटली.

मी सांगितलं, मी परत मशीनला हात लावणार नाही. रडत रडत सांगितलं. छातीत दूध दाटलं होतं आणि चिऊला घेतलं तरी उतरेना, इतकी मी घाबरले होते. तात्या एवढंच म्हणाले, "नको लावूस." संध्याकाळी ज्योतीताई आली, तिला सगळं कळलं. तिनं मला ओरडावं म्हणून मी वाट बघत बसले. ती माझ्या शेजारी गोधडीवर कशीबशी बसली, माझा हात तिच्या पोटावर ठेवला, आत बाळ लाथा मारत होतं, आणि म्हणाली, "ठोकळे सोडले न्हायस. गुडघ्यानं बंद केलंस. दारात कोण नव्हतं. वहिनी, तू सगळं बरोबर केलंस गो. चुकलं ते लाकडाचं चुकलं." मग थोड्या वेळानं, "पण फणी ढिली का केलीस ते मला एकदा सांग, म्हणजे मी तात्यांना धरते."

सकाळी मला जाग आली ती सर्र, सर्र अशा आवाजानं. पण रंधा नव्हता. बाहेर येऊन बघते तर तात्या आंघोळ करून, ओल्या पंचानं, पडवीत खाली बसलेले. समोर निरांजन. पट्टी मांडीवर, आणि डाव्या हातात पटाशी. शेंदूर खरवडत होते. आधी हात जोडायचे, मग एक थर काढायचे, तो केळीच्या पानावर ठेवायचे, परत हात जोडायचे. आई बाजूला उभ्या, पान धरून. शेंदूर गेला तसं आतून लाकूड वर आलं, काळपट तांबूस, आणि त्यात अजून दोन खिळे सापडले. ज्योतीताईनं जुन्या रेडिओतलं चुंबक काढून दिलं, ते तात्यांनी सगळ्या अंगानं फिरवलं. एक तुटका तुकडा अजून निघाला. सगळे पक्कडीनं उपटले, भोकांत सागाच्या बारीक खुंट्या मारल्या. मग पट्टी स्वच्छ पुसून त्यांनी टेबलावर ठेवली. माझ्यासमोर नाही, नुसती टेबलावर. पान्यानं स्वतः मोडलेलं पातं काढलं, प्लग आधी समोर ठेवून. ते कधी शिकले होते कोण जाणे. आम्ही शिकत असताना कोपऱ्यात बसून ऐकत असणार.

म्हणाले, "आता ह्यात कायपण न्हाय. मी बघितलंय. पण तुला नको वाटत आसंल तर नको. गावाला मी सांगीन, माज्यानं झालं न्हाय."

दोन दिवस मी त्या टेबलाजवळून गेले नाही. भांडी घासली, चिऊला आंघोळ घातली, सुकट निवडली. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे आडवे झालेले, मी जाऊन फणी हातात घेतली आणि पट्टीला लावून बघितली. घट्ट बसत होती. मधे काही मऊ नव्हतं. मी तशीच उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी बांगड्या काढायला लागलेय. आईंना हाक मारली नाही, त्या आपणच उठून आल्या आणि हात पुढं केला.

पातं नवं. फणी घट्ट, तात्यांनी हलवून बघितली, मी हलवून बघितली, ज्योतीताईनं खुर्चीतूनच पायानं ढकलून बघितली. मी ओरडले, आतून उत्तर आलं. थोडंसं कापलं. थांबले. पातं वर घेतलं. परत थोडंसं. पट्टी डावीकडून बाहेर आली तेव्हा तात्या तिकडं उभे होते, दोन्ही हात पसरून, उजवा जेवढा पसरेल तेवढा. त्यांनी ती झेलल्यासारखी घेतली आणि उन्हात धरून बघितली. "हं" म्हणाले नाहीत. बघतच राहिले.

शिमग्याच्या आदल्या दिवशी पालखी देवळात न्यायची होती. तात्यांनी मला सांगितलं, तू पण चल. मी चिऊला घेऊन मागं मागं. तात्यांच्या हातात केळीच्या पानाची ती पुडी, काढलेल्या शेंदराची, दोऱ्यानं बांधलेली. रस्ताभर ते ती पुडी चाचपत होते आणि मला कळत होतं का ते. देवळात गावकरी बसलेले, पालखीभोवती जमले, हात फिरवून बघायला लागले, आणि तात्यांनी सगळ्यांदेखत पुडी देवीसमोर ठेवली आणि सांगून टाकलं. जुन्या पट्टीचा शेंदूर मी खरवडला. माज्या हातानं. खिळे होते. सुनेचा हात जाता जाता वाचला. ह्या चारही पट्ट्या तिनं काढल्यात. आता गाव काय म्हणंल ते.

पट्ट्यांवरून फिरणारे हात थांबले. माझ्या काखेत चिऊ चुळबुळ करत होती. मला वाटलं, गेला मान, आणि तो माझ्यापायी गेला. मग आमचे गुरवकाका, जे रोज देवीची पूजा करतात, ते पुढं आले, पुडी उचलून बाजूला पाटावर ठेवली आणि म्हणाले, "मग काय झालं? मी तर दर नवरात्रात देवीचाच सगळा शेंदूर उतरवतो. थर जड झाला की तिलापण उकडतं."

तात्या त्यांच्याकडं बघत राहिले. "देवीचा? उतरवतोस?"

"मग? न्हाय तर नाकडोळे दिसायचे कशे?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. तात्या तिथंच पायरीवर बसले, आणि ते पण हसायला लागले, खांदा धरून, कारण हसताना तो दुखायचा. आणि गुरवकाकांनी वाटीत तेल घालून नवा शेंदूर कालवला आणि पहिलं बोट जुन्या पट्टीवरून ओढलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी पुढं होऊन बघितलं. मी काढलेल्या खाचेतून तो शेंदूर सरळ गेला, कुठं अडकला नाही, कुठं ओघळला नाही.